गुणोत्तर-प्रमाण: तिरकस गुणाकाराच्या आधी काय करायचं

माझ्याकडे पुण्यात धनकवडीत संध्याकाळी सहावी ते नववीची आठ-दहा मुलं गणिताला येतात, काही मराठी मिडियमची, बरीचशी सेमीची, त्यामुळे कुणी गुणोत्तर म्हणतं कुणी रेशो म्हणतं, पण अडतात सगळी एकाच ठिकाणी. तिरकस गुणाकार सगळ्यांना येतो. अगदी झोपेतून उठवून विचारलं तरी येतो. आणि तरी उत्तर चुकतं.

हे उदाहरण बघा. ८ मजूर एक भिंत १२ दिवसांत बांधतात, तर ६ मजूर किती दिवसांत बांधतील? दहातली सहा-सात मुलं ८ बाय १२ बरोबर ६ बाय क्ष असं लिहितात, तिरकस गुणतात म्हणजे ८ × क्ष = ६ × १२ करतात, ९ दिवस उत्तर काढतात आणि खाली दोन रेघा मारून मोकळी होतात. आकडेमोड एकदम बरोबर आहे. पण माणसं कमी झाली आणि काम लवकर संपलं, असं कुठे होतं का? मला अगदी मनापासून वाटतं की या धड्यात पोरं गुणाकार-भागाकारात चुकत नाहीत, मांडणीत चुकतात, आणि मांडणी कशी करायची हे शांतपणे बसून कुणी दाखवतच नाही. म्हणून हा लेख. जी मुलं पहिल्यांदा हे शिकतायत त्यांच्यासाठी, आणि ज्या आईबाबांना मुलांचा होमवर्क घेताना आपलं शाळेतलं आठवत नाही त्यांच्यासाठी पण. वही-पेन घेऊन बसा, नुसतं वाचून हे डोक्यात जात नाही.

पहिली गोष्ट: ‘कितीने’ नाही, ‘किती पट’

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. सहावीतून सातवीत गेलेला एक मुलगा होता, त्याला मी विचारलं की २ चमचे कोकम सिरपला ६ चमचे पाणी घातलं की सरबत छान लागतं, आता मी ३ चमचे सिरप घेतलं तर पाणी किती घालू? तो लगेच म्हणाला, ‘सात.’ कसे रे? ‘एक चमचा सिरप वाढवलं ना काकू, म्हणून एक चमचा पाणी वाढवलं.’

मी चूक-बरोबर काहीच बोलले नाही. स्वयंपाकघरातून तीन छोटे ग्लास, सिरपची बाटली आणि एकच चमचा आणला. पहिल्या ग्लासात २ सिरप ६ पाणी, दुसऱ्यात ३ सिरप ७ पाणी, तिसऱ्यात ३ सिरप ९ पाणी, सगळं त्यानेच मोजून घातलं, टेबलावर दोन-तीन थेंब सांडले ते पण त्यानेच पुसले. मग चव घ्यायला सांगितली. पहिला प्यायला, दुसरा प्यायला आणि तोंड वाकडं केलं, ‘हे जास्त आंबट झालंय.’ तिसरा प्यायल्यावर म्हणाला, ‘हे पहिल्यासारखंच आहे.’ मग विचारलं, आता सांग, एका चमचा सिरपच्या वाट्याला पाणी किती आलं? पहिल्यात ३, तिसऱ्यात पण ३, आणि दुसऱ्यात सात भागिले तीन म्हणजे सव्वादोनच्या थोडं वर. म्हणून ते आंबट.

बस, गुणोत्तर म्हणजे एवढंच आहे. दोन गोष्टींची तुलना, पण वजाबाकीने नाही, भागाकाराने. २:६ म्हणजे २/६ म्हणजे १/३. आणि ३:९ पण १/३ च. जेव्हा दोन गुणोत्तरं अशी सारखी येतात तेव्हा ते चार आकडे प्रमाणात आहेत असं म्हणायचं. ३:७ मात्र त्यात बसत नाही. ज्या मुलाला ‘दोन्हीकडे सारखंच मिळवलं की गुणोत्तर तेच राहतं’ असं मनातून वाटत असतं त्याला पुढचं काहीही शिकवा, फुकट जातं, म्हणून ही सरबताची चव घरी खरंच द्या, दहा मिनिटं लागतात.

दुसरी: माप एकच हवं, आणि क्रम सांभाळायचा

आमच्या गच्चीचं काम चाललं होतं तेव्हा मिस्त्री प्लास्टरचा माल कालवताना एक घमेलं सिमेंट आणि चार घमेली वाळू घेत होते. तेच घमेलं, आधी सिमेंटला, मग वाळूला. सिमेंट छोट्या घमेल्याने आणि वाळू मोठ्या घमेल्याने मोजली तर १:४ म्हणायला काही अर्थच उरत नाही. वहीत पण अगदी तसंच. ७५० ग्रॅम साखर आणि २ किलो रवा यांचं गुणोत्तर ७५०:२ नाही. दोन्ही ग्रॅममध्ये आणा, ७५०:२०००, मग दोघांना भाग जाणारी सगळ्यात मोठी संख्या म्हणजे मसावि काढा, इथे २५०, आणि उत्तर ३:८. एकदा माप सारखं केलं की ग्रॅम-बिम काही लिहायचं नाही, गुणोत्तराला एकक नसतं. पेपरात ‘३:८ ग्रॅम’ लिहून मार्क घालवणारी मुलं मी दरवर्षी बघते.

वेळेचं जास्त जपा. ४० मिनिटं आणि २ तास म्हणजे ४०:१२०, १:३. आणि दीड तास म्हणजे १.५ तास, १.३० तास नाही, ही चूक नववीतली मुलंसुद्धा करतात.

क्रमाचं म्हणाल तर प्रश्नात जो शब्द आधी आलाय त्याचा आकडा आधी. ‘मुलींचे मुलांशी गुणोत्तर’ म्हटलं की मुली वर. मी मुलांना आकड्यांच्या डोक्यावर शब्द लिहायला लावते, मुली : मुलगे, मग खाली ४ : ५. दोन सेकंदाचं काम आहे पण त्याने खूप गोंधळ वाचतो.

तिसरी: एक भाग म्हणजे किती?

आता त्याच प्लास्टरकडे परत या. १:४ चा माल आहे, तर सगळ्या मालात सिमेंट किती? बहुतेक जण पाव म्हणतात. पण एक आणि चार मिळून पाच घमेली झाली ना, म्हणजे सिमेंट पाचवा हिस्सा, १/५. पाव हा सिमेंटचा वाळूशी संबंध झाला, पूर्ण मालाशी नाही. हा फरक नीट कळला की वाटणीची सगळी उदाहरणं सोपी होतात.

दिवाळीत आमच्या सोसायटीत किल्ल्यांची स्पर्धा असते (पुण्यात कुठे नसते म्हणा). समजा दोघांनी मिळून किल्ला केला, एकाने ७ तास माती कालवली, दुसऱ्याने ५ तास, आणि ६०० रुपये बक्षीस मिळालं, ते कामाच्या प्रमाणात वाटायचं. भाग किती? ७ + ५ = १२. एक भाग म्हणजे ६०० ÷ १२ = ५०. मग पहिल्याला ७ × ५० = ३५०, दुसऱ्याला ५ × ५० = २५०. बेरीज करून बघा, ६०० येते का? येते. ही बेरीज करून बघायची सवय सोडायची नाही.

पण प्रश्न दरवेळी एकूण देत नाही, इथेच फसगत होते. ‘मुली आणि मुलगे ७:५ या प्रमाणात आहेत, मुली मुलग्यांपेक्षा ८ ने जास्त आहेत, तर वर्गात एकूण किती?’ इथे ८ ला १२ ने भागायचं नाही. ८ हा फरक आहे, तर भागांचा पण फरकच घ्या, ७ − ५ = २ भाग म्हणजे ८, एक भाग म्हणजे ४, मुली २८, मुलगे २०, एकूण ४८. म्हणजे दिलेला आकडा कशाचा आहे, एकूणाचा, फरकाचा की एकाच वाट्याचा, ते आधी शोधायचं आणि तेवढ्याच भागांनी भागायचं. नववीत याच एका भागाला अक्षर मानतात आणि ७क्ष, ५क्ष लिहितात, नवीन काही नाही त्यात.

याच पद्धतीने लक्ष्मी रोडवरच्या सराफाच्या दुकानातलं गणित पण सुटतं. २४ कॅरेट म्हणजे शुद्ध सोनं, २२ कॅरेट म्हणजे २४ भागांत २२ भाग सोनं आणि २ भाग दुसरा धातू, गुणोत्तर ११:१. तर २४ ग्रॅमच्या बांगडीत सोनं २२ ग्रॅम. हॉलमार्कमध्ये जो ९१६ आकडा दिसतो तो हाच, २२ भागिले २४ म्हणजे हजारात साधारण ९१६ भाग. १८ कॅरेटला किती येईल ते तुम्ही काढा, ७५० यायला हवेत, आणि गुणोत्तर ३:१. मुलांना आईच्या बांगडीवरचा शिक्का भिंगातून बघायला द्या, फार आवडतं त्यांना.

तीन जणांची वाटणी असेल आणि अ:ब = २:३, ब:क = ४:५ असं तुकड्यात दिलं असेल तर दोन्हीकडचा ब सारखा करायचा. ३ आणि ४ चा लसावि, म्हणजे दोघांनी भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या, १२, म्हणून पहिलं ८:१२, दुसरं १२:१५, जोडून ८:१२:१५. स्कॉलरशिपची तयारी करणाऱ्या मुलांनी हे हाताखालून घालायलाच हवं.

चौथी: एकाचं काढा

मंडईत दीड किलो मटार १२० रुपयांना मिळाले, तर ४ किलोला किती? दीड किलोला १२०, म्हणून एका किलोला १२० ÷ १.५ = ८०, म्हणून चार किलोला ३२०. हीच एकमान पद्धत, आणि माझं स्पष्ट मत आहे की सहावी-सातवीच्या मुलांनी निदान दोन-तीन महिने हीच वापरावी, तिरकस गुणाकाराला हात लावू नये. कारण यात प्रत्येक ओळीला अर्थ असतो. ‘एका किलोला ८०’ हे वाक्य मुलाला कळतं, ८० रुपये किलो मटार म्हणजे काय ते त्याला माहितीय. तिरकस गुणाकारात मधेच ४८० येतात, ते ४८० कशाचे आहेत ते विचारा एखाद्या मुलाला, सांगता येत नाही.

मांडताना एक नियम पाळा. जे विचारलंय ते उजवीकडे. विचारलेत रुपये, म्हणून

१.५ किलो → १२० रुपये
४ किलो → ? रुपये

किलोखाली किलो, रुपयांखाली रुपये. प्रश्न उलटा असेल, म्हणजे ‘२०० रुपयांत किती किलो येतील’, तर रुपये डावीकडे आणि किलो उजवीकडे. १२० रुपयांत १.५ किलो, एका रुपयात १.५ ÷ १२०, दोनशे रुपयांत २०० × १.५ ÷ १२० = २.५ किलो. कशाला कशाने भागू हा जो कायमचा प्रश्न मुलं विचारतात तो असं लिहिलं की बहुतेक वेळा पडतच नाही.

ही मांडणी काही माझी नाही, खूप जुनी आहे. आपल्याकडे याला त्रैराशिक म्हणायचे, तीन राशी म्हणजे तीन संख्या माहीत, चौथी काढायची. आपल्या आजी-आजोबांच्या वेळच्या लोकांना हा शब्द चांगला ठाऊक असायचा. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमाराला लीलावती या गणिताच्या ग्रंथात याचा नियम दिलाय, आणि तो इतका नेटका आहे की मी मुलांना आजही तोच सांगते. तीन राशींची नावं प्रमाण, फल आणि इच्छा. प्रमाण आणि इच्छा एकाच जातीच्या, एक सुरुवातीला एक शेवटी, आणि वेगळ्या जातीचं फल मधे. मधल्याला शेवटच्याने गुणा, पहिल्याने भागा, झालं उत्तर. आणि जिथे उलटं चालतं तिथे ही क्रिया उलटी करा. आपल्या मटाराच्या उदाहरणात प्रमाण १.५ किलो, फल १२० रुपये, इच्छा ४ किलो. १२० × ४ ÷ १.५ = ३२०. इच्छा हा शब्द मला फार आवडतो, मला किती हवंय ती माझी इच्छा, त्यावर मिळेल ते इच्छाफल.

लीलावतीतलंच एक उदाहरण आहे, व्यापाऱ्याला विचारलंय की ३/७ निष्काला अडीच पल केशर मिळतं तर ९ निष्कांना किती? निष्क हे नाणं, पल हे वजन. ५/२ × ९ = ४५/२, त्याला ३/७ ने भागायचं म्हणजे ७/३ ने गुणायचं, १०५/२, म्हणजे साडेबावन्न पल. अपूर्णांक असले तरी पायऱ्या मटाराच्याच आहेत हे मुलांना दाखवायला हे उदाहरण मस्त आहे, अपूर्णांक दिसला की घाबरणाऱ्यांनी जरूर करून बघावं.

पाचवी: तिरकस गुणाकार चालतो कसा

हे थोडक्यात सांगते पण सोडू नका. १.५/१२० = ४/क्ष असं आहे, म्हणजे दोन्ही अपूर्णांक सारखे आहेत. दोन्ही बाजूंना १२० ने गुणलं आणि क्ष ने गुणलं तर डावीकडे १.५ × क्ष उरतं, उजवीकडे ४ × १२० उरतं. म्हणजे तिरकस जोड्यांचे गुणाकार सारखे. जादू काही नाही, दोन्ही बाजूंचे छेद घालवलेत एवढंच. त्यावरून प्रमाण तपासायला पण येतं: ६, ९, १०, १५ प्रमाणात आहेत का? टोकांचा गुणाकार ६ × १५ = ९०, मधल्यांचा ९ × १० = ९०, आहेत. आणि म्हणूनच एकांतर (६:१० = ९:१५), व्यस्त (९:६ = १५:१०) या क्रिया नववीत येतात तेव्हा पाठ कराव्या लागत नाहीत, आकड्यांची जागा बदलली तरी हा गुणाकार तोच राहतोय ना एवढं बघायचं.

सहावी, आणि सगळ्यात महत्त्वाची: कायम काय राहतंय?

आता भिंतीच्या उदाहरणाकडे. पेन टेकवण्याआधी एक वाक्य मोठ्याने म्हणायचं, हे माझ्याकडे सक्तीचं आहे. ‘मजूर कमी झाले तर दिवस…’ आणि रिकामी जागा भरायची. वाढतील. एक कमी होतंय दुसरं वाढतंय, म्हणजे व्यस्त प्रमाण. ‘किलो वाढले तर रुपये…’ वाढतील, दोन्ही एकाच दिशेला, म्हणजे सम प्रमाण. पण नुसती दिशा बघून थांबायचं नाही, पुढचा प्रश्न विचारायचा, की या सगळ्यात कायम काय राहतंय? मटारात भाव कायम आहे, ८० रुपये किलो, म्हणजे भागाकार कायम. भिंतीत काय कायम आहे? भिंत! भिंत तेवढीच आहे, म्हणजे तिला लागणारं एकूण काम तेवढंच.

बांधकामावर एका मजुराच्या एका दिवसाला एक हजेरी म्हणतात. ८ मजुरांचे १२ दिवस म्हणजे ९६ हजेऱ्या. भिंत ९६ हजेऱ्यांची आहे. आता रोज ६ मजूर येणार म्हणजे रोज ६ हजेऱ्या भरणार, ९६ ÷ ६ = १६ दिवस. बघा, सूत्र कुठेच लागलं नाही. हजेरी हा शब्द सांगितल्यापासून माझ्याकडच्या मुलांच्या या प्रकारातल्या चुका खूप कमी झाल्यात, आणि ज्या मुलाचे वडील बांधकामावर आहेत त्याने तर हे सगळ्या वर्गाला माझ्यापेक्षा छान समजावलं, फळ्यावर उभं राहून, कुठल्या दिवशी किती हजेऱ्या लागल्या ते लिहून.

वेगाचं पण असंच. स्वारगेटहून साताऱ्याचं अंतर ११० किमी धरू. ताशी ५५ ने २ तास. ताशी ४४ ने? अंतर कायम आहे, ११० ÷ ४४ = २.५ तास. पण प्रश्न जर असा आला की ‘ताशी ५५ वेगाने २ तासांत ११० किमी, तर ३ तासांत किती?’ तर आता वेग कायम आहे, म्हणून सम प्रमाण, १६५ किमी. गाडी तीच, रस्ता तोच, पण कायम काय ठेवलंय त्यावर सम का व्यस्त ते ठरतं. ‘वेगाचं उदाहरण म्हणजे व्यस्त’ असं पाठ करून ठेवणाऱ्या मुलांची इथे विकेट जाते.

आठवीत चलन नावाने हेच परत येतं, समचलनात भागाकार स्थिर, व्यस्त चलनात गुणाकार स्थिर. आणि तीन-तीन गोष्टी एकदम आल्या तरी हजेरीची युक्तीच चालवा: ८ मजूर रोज ६ तास काम करून १२ दिवसांत काम संपवतात, तर ९ मजूर रोज ८ तास करून? एकूण तास ८ × ६ × १२ = ५७६, आता रोज ९ × ८ = ७२ तास भरतायत, ५७६ ÷ ७२ = ८ दिवस.

सातवी: हे प्रमाणच नाहीये!

हे पुस्तकात फारसं ठासून सांगत नाहीत म्हणून मी सांगते. प्रत्येक दोन गोष्टी प्रमाणात नसतात. दोरीवर ५ शर्ट २ तासांत वाळतात तर १० शर्ट किती तासांत? दोनच तासांत, जागा असली की झालं. माझ्याकडे एका मुलीने चार उत्तर दिलं आणि मग स्वतःच खिडकीबाहेरच्या दोरीकडे बघून खोडलं.

रिक्षाचं बघा. समजा मीटर पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये दाखवतं. मग ६०० मीटरला किती? प्रमाण लावलं तर १० येतात, पण रिक्षात बसलं की २५ च द्यायचे, कारण ते कमीत कमी भाडं आहे. तसंच चौरसाची बाजू दुप्पट केली तर परिमिती दुप्पट होते पण क्षेत्रफळ चौपट होतं, बाजू ३ ची ६ केली की ९ चे ३६.

आणि वय! आई ४० ची, मुलगी १० ची, गुणोत्तर ४:१. पाच वर्षांनी ४५ आणि १५, म्हणजे ३:१. दोघींच्या वयात सारखेच ५ मिळवले आणि गुणोत्तर बदललं, तेच सरबतातलं. म्हणून वयाच्या उदाहरणात थेट प्रमाण मांडायचं नाही, समीकरण मांडायचं. ‘आज मुलीचं आणि आईचं वय १:४ आहे, ५ वर्षांनी १:३ होईल’ असं आलं तर वयं क्ष आणि ४क्ष माना, पाच वर्षांनी क्ष + ५ आणि ४क्ष + ५, आता (क्ष + ५)/(४क्ष + ५) = १/३, तिरकस गुणा, ३क्ष + १५ = ४क्ष + ५, क्ष = १०. इथे मात्र तिरकस गुणाकार अगदी योग्य जागी आलाय.

सराव कुठून करायचा

आपल्याकडे सहावीच्या पुस्तकात गुणोत्तर-प्रमाण, सातवीत सम आणि व्यस्त प्रमाण, आठवीत चलन, नववीत परत गुणोत्तर व प्रमाण, अशी एकच गोष्ट चार वर्षं वाढत जाते, आणि दहावीत समरूप त्रिकोण पण यावरच उभे असतात. म्हणून नववीतला मुलगा अडत असेल तर त्याला सहावीचं पुस्तक द्यायला लाजू नका. बालभारतीची पुस्तकं ऑनलाइन पीडीएफमध्ये फुकट मिळतात, मागच्या इयत्तांची काढा आणि रोज फक्त चार उदाहरणं करून घ्या, पण प्रत्येकाच्या आधी ते ‘हे वाढलं तर ते…’ वाक्य वहीत लिहून. महिनाभरात फरक दिसतो, हा माझा अनुभव आहे.

घरातली उदाहरणं पण घ्या. जुलाब झाले की घरी साखर-मिठाचं पाणी करतो त्याचं माप १ लिटर पाण्याला ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. अर्ध्या लिटरला किती? ३ चमचे साखर, पाव चमचा मीठ. इथे माप चुकवून चालत नाही, त्यामुळे मुलं नीट लक्ष देऊन करतात. तिरंग्याची लांबी-रुंदी ३:२ असते, तर ९० सेमी लांब झेंडा किती रुंद? ६० सेमी. शाळेच्या प्रोजेक्टला झेंडा काढताना हे तपासा, बऱ्याच मुलांचा झेंडा चुकीच्या मापाचा असतो.

नकाशा पण भारी. सिंहगडला, राजगडला जाणाऱ्यांच्या घरी कधी कधी सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा असतो. म्हणजे नकाशावर १ सेमी तर जमिनीवर ५०,००० सेमी, म्हणजे ५०० मीटर. दोन सेमी म्हणजे एक किलोमीटर. मग वाटेवर दोरा ठेवायचा, वळणावळणाने, सरळ पट्टी नाही, आणि तो दोरा पट्टीवर मोजायचा. दोरा ७ सेमी भरला तर वाट साडेतीन किलोमीटर.

शेवटी तीन उदाहरणं देते, आधी वाक्य म्हणा मग सोडवा. पहिलं, ३ नळ सुरू केले की टाकी ४० मिनिटांत भरते, ५ नळांनी किती वेळात? दुसरं, ६० पैकी ४५ मार्क म्हणजे किती टक्के (टक्के म्हणजे शंभराशी गुणोत्तर, दुसरं काही नाही)? तिसरं, एका माणसाला घर रंगवायला १० दिवस लागतात, दुसऱ्याला १५ दिवस, दोघांनी मिळून केलं तर?

पहिल्याचं उत्तर २४ मिनिटं, टाकी कायम आहे, १२० नळ-मिनिटांची. दुसऱ्याचं ७५ टक्के. तिसऱ्यात १० आणि १५ ची बेरीज करून २५ म्हणायचा मोह होतो, पण दोघं मिळून करतायत तर एकट्या पहिल्याच्या १० दिवसांपेक्षा कमीच लागणार ना. पूर्ण काम ३० भागांचं माना, कारण १० आणि १५ चा लसावि ३०. पहिला रोज ३ भाग करतो, दुसरा २ भाग, मिळून रोज ५, म्हणजे ३० ÷ ५ = ६ दिवस. आणि १५०० रुपये मजुरी दोघांत वाटायची असेल तर ती ३:२ मध्ये, ९०० आणि ६००.